गल्लीचं काम महापालिकेकडनं कसं करून घ्यायचं (सोलापूरच्या हद्दवाढवाल्यांसाठी)

सकाळी सात वाजता गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. चेंबर तुंबलंय, घाण पाणी रस्त्यावर आलंय, खाली लिहिलेलं असतं "कुणीतरी बघा रे". मग सहा अंगठे, दोन रागावलेले चेहरे, एकजण "मग टॅक्स कशाला भरायचा आपण" म्हणून मोकळा होतो आणि साडेनऊपर्यंत त्याच्यावर गुड मॉर्निंगचे गुलाब येऊन फोटो वर सरकून जातो. आमच्याकडं हे दीड वर्ष चाललं. कुणीतरी नावाचा माणूस आमच्या गल्लीत राहतच नाही हे कळायला तेवढा वेळ लागला. मग पाच जणांनी मिळून काम हातात घेतलं, ड्रेनेजची लाईन झाली, अर्धा रस्ता झाला, अर्धा व्हायचाय. त्यात काय चुकलं काय जमलं ते लिहून ठेवतोय, कारण मजरेवाडी, नई जिंदगी, शेळगी, बाळे, जुळे सोलापूर, सैफुल, कुठंही जा, दुखणं थोड्याफार फरकानं तेच आहे.

सगळ्यात आधी आपण नेमके कुणाच्या हद्दीत आहोत ते बघा. हसू नका, इथंच निम्मे अर्ज वाया जातात. १९९२ ला हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं शहरात आली, तरी आमच्या भागातली जुनी माणसं नवी पेठेत जाताना अजून "गावात चाललोय" म्हणतात, म्हणजे हद्द कागदावर वाढली डोक्यात नाही. आता विडी घरकुलच घ्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहती. हैदराबाद रोडचं जुनं विडी घरकुल शहरात, पण कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत बघणाऱ्याला शहराचाच तुकडा वाटते आणि ती आहे दक्षिण सोलापूर तालुक्यात, कुंभारी ग्रामपंचायतीकडं. तिथल्या माणसानं महापालिकेत अर्ज देऊन काय उपयोग. तसंच मोठा रस्ता असेल तर तो महापालिकेचा, बांधकाम खात्याचा का महामार्गवाल्यांचा हे विचारून घ्या. खांबाचं पण तसंच आहे, खांब आणि तार महावितरणची, त्याच्यावरचा दिवा महापालिकेचा. तार लोंबकळत असली तर एक ऑफिस, दिवा बंद असला तर दुसरं.

घरातलं मिळकत कराचं बिल काढा, त्याच्यावर मिळकत नंबर आणि झोन सापडतो. मतदार यादीवरनं प्रभाग कळतो. झोन आणि प्रभाग एक नव्हे बरं का, यात भलेभले चुकतात. झोन म्हणजे विभागीय कार्यालय, कामाचं ठिकाण, शहरात असे आठ आहेत. प्रभाग म्हणजे मतांचा तुकडा, ते सव्वीस. अर्ज झोनला जातो, नगरसेवक प्रभागाचा असतो.

अजून एक कागद बघायचा तो जागेचा. हद्दवाढीत निम्म्या घरांची कथा गुंठेवारीची आहे, शेतीचे तुकडे पाडून विकले, बाँडवर व्यवहार झाला, लेआऊटच नाही त्यामुळं रस्ता कागदावर नाहीच, आपण ज्याला रस्ता म्हणतो ते कुणाच्यातरी सातबाऱ्यावर अजून शेत आहे. गुंठेवारी कायदा २००१ चा, २०२१ ला त्यात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट मोकळी झाली. तुमच्या गल्लीत असं असेल तर ते लपवून अर्ज करू नका. इंजिनिअर जागेवर आला की पहिला प्रश्न हाच विचारणार, त्याच्या तोंडावर सगळे एकमेकांकडं बघत बसण्यापेक्षा कुणी नियमित केलंय, कुणाचं बाकी आहे याची यादी आपल्याकडं तयार असलेली बरी.

आता खरं काम, म्हणजे गल्ली एका जागी आणणं. महापालिकेपेक्षा हे अवघड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या गल्लीत सेहेचाळीस घरं. एकोणीस तेलगू, अकरा कानडी, नऊ मुसलमान, उरलेले आम्ही मराठी, एक मारवाडी किराणावाले शेठजी आणि एक लमाणी कुटुंब धरून. पाण्याच्या दिवशी पहाटे गल्लीतनं चालत गेलं की एका टोकाला "नीळ्ळु वच्चिनया", मधे "नीर बंतेनु", पुढं "पानी आया क्या" आणि आमच्या दारात "पाणी आलं का बे", चारी ठिकाणी प्रश्न एकच. पण मिटींगला बोलवा, येणार फक्त ज्याच्या दारात चेंबर आहे तो.

म्हणून मिटींगची वेळ आणि जागा नीट ठरवा. देवळात ठेवू नका, मशिदीजवळ ठेवू नका, कुणाच्या हॉलमधे तर अजिबात नको, कारण ज्याच्या घरी मिटींग त्याचं काम असा समज लगेच होतो. किराणा दुकानाचा कट्टा सगळ्यात चांगला, तिथं सगळ्यांची उधारी असते. सकाळची वेळ सोडा, विडीवाल्या बायका सकाळी वळलेल्या विड्या घेऊन ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या शाखेत गेलेल्या असतात. शुक्रवारी दुपार सोडा, रमजानात संध्याकाळ सोडा. लूमवर (यंत्रमागावर) जाणाऱ्यांची शिफ्ट विचारून घ्या. आणि पाण्याच्या दिवशी तर चुकूनही मिटींग ठेवू नका, आम्ही पहिली मिटींग बरोबर त्याच दिवशी ठेवली, मी आणि शेठजी असे दोघं होतो आणि शेठजी दुकानातच बसलेले होते.

बायकांना बोलवा. उगाच बरं दिसावं म्हणून सांगत नाहीये, चेंबर कधी तुंबतं, किती वाजता उतरतं, कुणाच्या घरात उलटं पाणी येतं हे पुरुषांना माहितीच नसतं. आमच्याकडं सगळा हिशोब कोपऱ्यावरच्या अक्कांना पाठ. अक्का तेलगू, दिवसभर उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसतात, त्यामुळं गल्लीत कोण आलं कोण गेलं, घंटागाडी किती दिवस आली नाही, सगळं त्यांच्याकडं. आम्ही पोरांनी तीन दिवस बसून जी यादी केली ती अक्कांनी दहा मिनिटात दुरुस्त करून दिली.

सह्या घेताना एक गोष्ट कळली ती इतकी महत्त्वाची आहे की वेगळी सांगतो. अर्ज मराठीत लिहा, सरकारी काम मराठीत चालतं, पण सही घ्यायच्या आधी ज्याला जी भाषा येते त्या भाषेत वाचून दाखवा. आमचा पहिला फेरा आम्ही "अर्ज आहे, सही करा" म्हणून मारला, तेवीस सह्या झाल्या आणि बाकीच्यांनी "नंतर या" म्हणून पाठवलं. मागनं कळलं की सही केली की घरपट्टी वाढणार अशी अफवा उठली होती, आणि दोन घरांचं तर नळकनेक्शनच नोंद नसलेलं, ते कसे सही करतील. दुसऱ्या फेरीला आम्ही तिघं गेलो, एक तेलगू बोलणारा, एक कानडी आणि हिंदी दोन्ही येणारे चाचा, आणि मी पिशवी धरायला. अर्ज ओळीन ओळ वाचला, टॅक्सचा यात काही संबंध नाही हे सांगितलं, कनेक्शनवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हा अर्ज ड्रेनेजचा आहे पण उद्या माणूस जागेवर आला तर तुमचंही दिसणारच, तेव्हा कनेक्शन रीतसर करून घेतलेलं बरं. त्यातल्या एकानं केलं. दुसऱ्याचं अजून चाललंय. पण सेहेचाळीसपैकी एक्केचाळीस सह्या झाल्या, दोन अंगठे धरून.

सह्यांच्या प्रत्येक पानावर वरती विषय लिहा. नुसत्या सह्यांचं कोरं पान कुणाच्या हातात देऊ नका, ते कशालाही जोडता येतं. नाव, घर नंबर, मोबाईल, सही, एवढं पुरे. आधार नंबर कुणाचा मागू नका, गरज नाही.

अर्ज लिहिताना आपल्याकडं एक खोड आहे, एकाच अर्जात सगळं. ड्रेनेज, रस्ता, कुत्री, डास, दिवा आणि शेवटी "तरी मेहेरबान साहेबांनी". असा अर्ज कुठल्याच टेबलाचा होत नाही. एक अर्ज एक विषय. साधारण असा:

प्रति, मा. विभागीय अधिकारी, विभागीय कार्यालय क्रमांक अमुक, सोलापूर महानगरपालिका. विषय: अमुक नगरातील किराणा दुकान ते मारुती मंदिर या गल्लीतील ड्रेनेज लाईन वारंवार तुंबत असल्याबाबत. महोदय, सदर गल्लीत ४६ घरे असून लाईनची लांबी सुमारे १४० मीटर आहे. मागील तीन महिन्यांत खालील तारखांना चेंबर भरून पाणी रस्त्यावर आले (तारखा). तरी जागेवर पाहणी करून लाईन बदलण्याबाबत एस्टिमेट करावे व पाहणीची तारीख आम्हांस कळवावी. सोबत: फोटो, सह्यांची यादी.

बस, एवढंच. लांबी पावलं मोजून काढली तरी चालते. तारखा टाकल्या की "अधूनमधून तुंबतं" असं कुणाला म्हणता येत नाही. "तात्काळ कार्यवाही करावी" हे सगळेच लिहितात, त्यापेक्षा पाहणीची तारीख मागा, ती एक ठोस गोष्ट आहे, दिली नाही तर पुढच्या पत्रात तेच विचारता येतं.

प्रत कुणाला टाकायची ते विषयावर. पाणी आणि ड्रेनेजचा वरचा साहेब म्हणजे सार्वजनिक आरोग्य अभियंता, नावात आरोग्य आहे म्हणून लोक डासांची तक्रार त्यांच्याकडं नेतात, पण ते पाण्याचं आणि गटारीचं खातं आहे. रस्ता नगर अभियंत्यांकडं, कचरा आरोग्य निरीक्षकाकडं, दिवा विद्युत विभागाकडं. पण सुरुवात झोनच्या ज्युनिअर इंजिनिअरपासनंच करा, सगळे त्याला जेई म्हणतात. वरती थेट आयुक्तांना अर्ज दिला तरी तो फिरून जेईकडंच येतो आणि तेव्हा तो म्हणतो, आधी मला का नाही सांगितलं.

आणि पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक त्यांना, दुसरीवर आवकचा शिक्का, आवक नंबर आणि तारीख. "ठेवून जा, देतो साहेबांना" असं कुणी म्हणालं तर हसून म्हणा "साहेब, पोच तेवढी द्या". भांडायचं नाही, पण पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. ते जमलं नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. आम्ही पहिला अर्ज एका ओळखीच्या माणसाकडं चहाच्या टपरीवर दिला होता, "मी टाकतो आत" म्हणाला, आम्हालाही बरं वाटलं, रांगेत उभं राहायला नको. चार महिने आम्ही वाट बघतोय आणि अर्ज कुठंच नाही, त्याच्या स्कूटरच्या डिकीत राहिला होता. दोष त्याचा कमी आमचा जास्त, कारण ओळख असली की आपण कागद मागत नाही, मागायला लाजतो. त्या दिवसापासनं आमच्याकडं एक फाईल आहे, तिच्यात पोचेशिवाय काही जात नाही.

पाण्याचं प्रकरण वेगळं आहे म्हणून वेगळं सांगतो. सोलापूरला पाणी तीन ठिकाणाहून येतं, उजनी, टाकळी आणि हिप्परगा. उजनी शंभर किलोमीटरच्या पुढं, तिथनं पाईपलाईन. टाकळीला भीमेतनं घेतात, ते पण उजनीतनं नदीत सोडलेलंच पाणी, औज बंधाऱ्यात अडवलेलं. दर पावसाळ्यात उजनी भरल्याचे व्हिडिओ फॉरवर्ड होतात आणि लोक विचारतात आता तरी रोज पाणी येणार का. धरण भरलं म्हणून नळ सुटत नाही. मधली पाईपलाईन, शुद्धीकरण, टाक्या आणि गल्लीतली लाईन, यातलं जे सगळ्यात अरुंद तेवढंच पाणी तुमच्यापर्यंत येतं. म्हणून तर इथं पोराबाळांना वार विचारला की पाण्याचा दिवस सांगतात.

तर पाण्याची तक्रार करायच्या आधी एक महिना नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाण्याचा दिवस, सुटल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या घरात एक घागर किती मिनिटात भरली ते. ही नोंद घेऊन गेलात तर बोलणं पाच मिनिटात मुद्द्यावर येतं, नुसतं "आमच्याकडं पाणी येत नाही" म्हटलं की चावीवाल्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन लागतो, तो म्हणतो सोडलं होतं, संपला विषय.

आणि नोंद ठेवताना एक कडू गोष्ट कळायची शक्यता आहे. आम्हाला कळली. शेवटच्या पाच घरांना पाणी पोचत नव्हतं, आम्ही मोर्चा काढायच्या बेतात होतो, आणि कॅलेंडर बघितलं तर पहिल्या पंधरा मिनिटात सगळीकडं चांगलं पाणी, मग एकदम बंद. म्हणजे काय, वरच्या घरांच्या मोटरी सुरू झाल्या. नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहिती आहे आणि सगळ्यांनी लावलेली आहे, माझ्या घरी पण होती, उगाच शहाणपणा नको. मग चाचांनी तोडगा काढला की पाणी सुटल्यापासनं पहिला अर्धा तास कुणीही मोटर लावायची नाही, शेवटच्या घरातल्या आजींनी शिट्टी वाजवली की मग ज्यानं त्यानं काय ते करावं. हे कायद्यात बसत नाही, मोटरी काढणंच बरोबर, पण त्या अर्ध्या तासात पाच घरांचे बॅरल भरायलेत. एकदाच मोडलं, ते आमच्याच घरी, पाहुणे आले होते. त्या दिवशी आजी दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मी मोटर काढून माळ्यावर टाकली.

नगरसेवकाचं काय करायचं ते. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि मग बरीच वर्षं प्रशासकच होते, त्यामुळं लोकांची नगरसेवकाकडं जायची सवयच मोडली होती, माजी म्हणवणारेच धावपळ करायचे. एकूण १०२ जागा, चोवीस प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन. तोटा असा की चौघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. एकाला भेटलं की तो म्हणतो ते त्या भागाचं दुसरे बघतात. म्हणून अर्जाची प्रत चौघांनाही द्या, एकाच दिवशी द्या, आणि चौघांची नावं एकाच कागदावर दिसतील अशी द्या. आपण कुणाचे हे गल्लीनं आधीच जाहीर करून टाकू नका. आमच्या सेहेचाळीस घरांत कमीत कमी चार पक्ष आहेत आणि ग्रुपवर त्याच्यावरनं भांडणं झालीत, शेवटी ग्रुपचं नाव बदलून "फक्त ड्रेनेज" ठेवलं, तेव्हा कुठं शांत झालं.

वेळ पण बघा. बजेट मार्चच्या तोंडाला होतं, एप्रिलमधे जाऊन रस्ता मागितला की निधी नाही हे उत्तर ठरलेलं. दिवाळी झाली की लगेच अर्ज टाका, म्हणजे एस्टिमेट तयार होऊन यादीत नाव लागायला वेळ मिळतो. क्रम असा असतो: पाहणी, एस्टिमेट, मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर. तुम्ही गेलात की "काम होईल का" असं विचारू नका, "फाईल आता कुठल्या टेबलावर आहे" असं विचारा. पहिल्याचं उत्तर नेहमी "होईल की" असतं.

आणि हात जोडून सांगतो, रस्ता आधी मागू नका. आपल्याला रस्ता दिसतो म्हणून आपण रस्ता मागतो, नगरसेवकाला पण रस्ता आवडतो कारण त्याचं उद्घाटन होतं, चेंबरपुढं नारळ फोडून फोटो कोण काढणार. पण आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाईन, मग रस्ता. उलटं केलं की सहा महिन्यात तोच रस्ता खोदला जातो. शेजारच्या गल्लीनं हट्टानं काँक्रीट करून घेतलं, आता त्यांचं चेंबर रस्त्याच्या खाली गेलंय आणि घरं रस्त्यापेक्षा खोल, पावसात पाणी उंबऱ्याच्या आत.

उत्तर आलं नाही तर. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यात पहिल्या अर्जाचा आवक नंबर. मग लोकशाही दिन, म्हणजे वरचे साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण त्या दिवशी उठून जायचं नसतं, ठरलेल्या नमुन्यात अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आधीच्या पत्रांच्या प्रती जोडून. इथं ती फाईल कामाला येते. कोर्टात असलेलं प्रकरण तिथं घेत नाहीत.

त्याच्यापुढं माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत, एक विषय, तीस दिवसांत उत्तर. प्रती दोन रुपये पानाप्रमाणं. आम्ही पहिल्यांदा काय विचारलं होतं, "आमच्या गल्लीचं ड्रेनेज का झालं नाही आणि याला जबाबदार कोण". वाचायला फार भारी वाटलं सगळ्यांना, ग्रुपवर टाळ्या पडल्या. पण "का" ही माहिती नसते, कागद ही माहिती असते. कारण कुठं लिहून ठेवलेलं नसेल तर देणार काय. दुसऱ्यांदा असं विचारलं: आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची, पाहणी अहवालाची आणि एस्टिमेटची प्रत द्यावी. त्याचं उत्तर आलं आणि त्यातनंच कळलं की एस्टिमेट झालंय, मंजुरीला थांबलंय. फाईल प्रत्यक्ष बघायची पण मागणी करता येते, पहिल्या तासाला फी नाही. तीस दिवसांत काहीच आलं नाही किंवा उत्तर अर्धवट वाटलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपये. त्याच्यावर दुसरं अपील माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं, नव्वद दिवसांच्या आत. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही. माहिती अधिकार धमकी म्हणून वापरू नका एवढं मात्र सांगतो, पहिल्याच भेटीत "आरटीआय टाकतो" म्हटलं की जेई तुमच्याशी बोलायचा बंद होतो, आणि जागेवर यायचं असतं त्यालाच.

वर्क ऑर्डर निघाली की तारीख. इथं सण बघा. सोलापुरात कुठल्या ना कुठल्या घरी कायम काहीतरी असतं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज बघायला कानडी घरांत पाहुण्यांची रीघ. एप्रिलमधे भीमजयंती, मग अक्षय्यतृतीयेला बसवजयंती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, तेव्हा तेलगू घरांत लेकी जावई सगळे हजर. गणपती, मोहरम, ईद. आमच्या कामाची तारीख नेमकी रथाच्या आठवड्यात आली होती, दारात सहा फूट खड्डा आणि घरात जावई, अक्का म्हणाल्या चालणारच नाही. चाचाच ठेकेदाराला भेटले आणि काम आठ दिवस पुढं ढकलून घेतलं. अक्कांनी मग ईदच्या वेळी वर्गणीच्या मांडवाची जागा सोडायला लावली गणपतीवाल्या पोरांना, दोन्ही तारखा जवळ आल्या होत्या. असं देणंघेणं चालतं. मांडवाचं म्हणाल तर महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी वेगवेगळी, वीज अधिकृत घ्या, स्पीकर रात्री दहाला बंद, ठराविक सणांचे काही दिवस सोडले तर. मंडळाची पोरं हे मनावर घेत नाहीत, पण ज्या गल्लीला वर्षभर महापालिकेकडं कामं मागायचीत तिनं स्वतःची परवानगी फाईलला लावून ठेवलेली असावी.

काम सुरू झालं की रोज कुणीतरी तिथं उभं पाहिजे, आणि इथं "कुणीतरी" म्हणजे नाव ठरवून. आम्ही वार वाटून घेतले होते. ठेकेदाराच्या माणसांशी हुज्जत नको, पाणी द्या, चहा द्या, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली तर अजून बरं, आणि तीन गोष्टी बघा. एक, उतार. पाईप बुजवायच्या आधी वरच्या चेंबरमधे चार बादल्या ओता आणि खालच्या चेंबरला माणूस बसवा, पाणी मधे थांबतंय का ते लगेच कळतं. आमच्याकडं एका ठिकाणी थांबलं, तेव्हाच उकरून नीट करून घेतलं, बुजवल्यावर कुणी ऐकलं नसतं. दोन, चेंबरचं झाकण पुढं होणाऱ्या रस्त्याच्या पातळीला येईल का. तीन, काँक्रीट असेल तर आठ-दहा दिवस पाणी मारणं. आता नळाला पाणी दिवसाआड पण नाही आणि रस्त्याला रोज पाणी कुठलं द्यायचं, तर बोअरवाल्या दोन घरांनी पाईप सोडायचं आधीच कबूल करून घ्या, नाहीतर काँक्रीट उन्हात करपतं. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

वर्क ऑर्डरची प्रत मागून फाईलला लावा. काम झाल्यावर किती काळ ठेकेदारानं फुकटात दुरुस्त करून द्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं आणि तो काळ संपत आला की एकदा सगळी लाईन बघून घ्या, संपल्यावर नाही.

काम झालं की जेईला आभाराचं पत्र द्या, चार ओळींचं, त्याचीही पोच घ्या. खोटं कशाला बोलू, पुढच्या कामाला उपयोग होतो.

फाईल एकाच घरी ठेवू नका. आमची आता अक्कांकडं आहे, चादरीच्या खोक्यात, विड्यांच्या पानांपासनं लांब ठेवलीय म्हणतात पण वास येतोच. पुढचा अर्ज रस्त्याच्या उरलेल्या अर्ध्याचा, सह्यांचं पान तयार आहे, चाचा आणि मी येत्या रविवारी निघणार होतो, पण हिशोब केला तर त्या दिवशी पाणी येतंय, म्हणून सोमवारी संध्याकाळी.